हनुवटीवरचे केस आधी डॉक्टरांना दाखवावेत

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या महिलांसाठीच्या पुरवणीत काही दिवसांपूर्वी चेहऱ्यावरील नकोशा केसांवर घरगुती उपाय सांगणारा मजकूर प्रसिद्ध झाला. डाळीचे पीठ, हळद आणि साय यांचा लेप लावावा, तो सुकत आला की केसांच्या उलट दिशेने चोळून काढावा आणि असे महिनाभर केल्यास केसांची वाढ कायमची थांबते, असे त्यात म्हटले होते. लेपाबद्दल माझी तक्रार नाही. त्याने त्वचा मऊ होत असेल, चोळताना थोडी लव निघतही असेल. तक्रार एवढ्यासाठीच आहे की स्त्रीच्या हनुवटीवर, ओठावर, छातीवर किंवा बेंबीखाली राठ केस का येतात, याविषयी त्या अर्ध्या पानात एक वाक्यही नव्हते, पाळीचा उल्लेख नव्हता आणि डॉक्टरांना दाखवावे असे कुठेही सुचवलेले नव्हते. मी परळ-लालबाग भागातील एका मराठी शाळेत सत्तावीस वर्षे विज्ञान शिकवत आहे आणि वयाच्या सोळाव्या वर्षापासून स्वतःच्या हनुवटीवरचे केस काढत आले आहे. या दोन्ही नात्यांनी हे पत्र लिहीत आहे. ते लांबले आहे, त्याबद्दल क्षमस्व. परंतु या विषयावर आपल्याकडे इतके कमी आणि इतके चुकीचे लिहिले जाते की चार ओळींत भागण्यासारखे नाही.

पिठाने केस जातात ही समजूत कोठून आली असावी, हे आपल्या घरांत वाढलेल्या कोणालाही ओळखता येईल. तान्ह्या बाळाच्या कपाळावर आणि पाठीवर लव असते, आजी तेल-हळदीत मळलेला कणकेचा गोळा त्यावर रोज फिरवते आणि दोन-तीन महिन्यांत लव दिसेनाशी होते. ती लव गोळा न फिरवताही गळणारच असते. मात्र आजीच्या हाताला मिळालेले ते यश पुढे मुलगी वयात आल्यावरही खरे मानले जाते. सोळाव्या वर्षी माझ्या हनुवटीवर पहिले चार-पाच काळे केस आले तेव्हा माझ्या आजीनेही मला हाच गोळा दिला होता. तो मी वर्षभर फिरवला.

आपल्या कातडीवर तळहात, तळपाय आणि ओठ सोडले तर जवळजवळ सगळीकडे केसांची मुळे असतात आणि पुरुष व स्त्री यांच्यात त्यांच्या संख्येचा फारसा फरक नसतो. फरक असतो तो केसाच्या जातीत. मऊ, बारीक, फिकट लव हा एक प्रकार आणि जाड, लांब, काळा राठ केस हा दुसरा. वयात येताना शरीरातील अँड्रोजन नावाच्या संप्रेरकांच्या (हॉर्मोनांच्या) प्रभावाने काही ठरावीक जागी लवेचे रूपांतर राठ केसांत होते. ही संप्रेरके पुरुषांची म्हणून ओळखली जात असली तरी प्रत्येक स्त्रीच्या बीजांडकोशांत आणि मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींत ती थोड्या प्रमाणात तयार होतात, आणि काखेतील व जांघेतील केस त्यांच्यामुळेच येतात. त्यांचे प्रमाण वाढले, किंवा प्रमाण नेहमीचेच असूनही केसांची मुळे त्यांना अधिक दाद देऊ लागली, तर पुरुषांना जेथे दाढी-मिशी येते तेथे स्त्रीलाही राठ केस येतात. वैद्यकीय भाषेत याला हर्सुटिझम म्हणतात. केसाच्या मुळाशी एक विकर (एन्झाइम) टेस्टोस्टेरॉन या अँड्रोजनचे त्याहून प्रभावी अशा डायहायड्रोटेस्टोस्टेरॉनमध्ये रूपांतर करते, आणि या विकराचे काम प्रत्येकीत सारखे चालत नाही. त्यामुळे दोन बहिणींच्या रक्ताचे अहवाल सारखे येऊनही एकीची हनुवटी स्वच्छ असते आणि दुसरीला दर आठवड्याला चिमटा हाती घ्यावा लागतो. हातांवर, पायांवर, पाठीवर सरसकट दाट लव असणे ही याहून निराळी गोष्ट आहे. ती बहुधा घराण्यातून येते, किंवा फिट्सवरील फेनिटॉइन, मूत्रपिंड बदलल्यानंतर दिले जाणारे सायक्लोस्पोरिन, केस वाढवण्यासाठी लावले जाणारे मिनॉक्सिडिल अशा औषधांमुळे वाढते. तिचा अँड्रोजनशी संबंध नसतो.

१९६१ साली फेरिमन आणि गॅलवे या दोन संशोधकांनी हे केस मोजण्याची एक पद्धत मांडली आणि तिचे सुधारित रूप आजही वापरले जाते. ओठ, हनुवटी, छाती, पोटाचा वरचा व खालचा भाग, पाठीचा वरचा व खालचा भाग, दंड आणि मांड्या अशा नऊ जागांना प्रत्येकी शून्य ते चार गुण देतात आणि एकूण आठ किंवा अधिक गुण झाल्यास साधारणपणे हर्सुटिझम मानतात. हा आकडा सर्व वंशांना सारखा लागू होत नाही, आणि पूर्व आशियातील स्त्रियांसाठी तो बराच खाली धरला जातो. हे सांगण्याचे कारण असे की हनुवटीवर दोन-तीन केस असणे हा आजार नव्हे. पाळी नियमित असेल आणि आई-मावशीलाही तसेच केस असतील, तर घाबरण्याचे काहीही कारण नाही. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन कमी झाल्यामुळेही हनुवटीवर मोजके राठ केस येतात आणि आपल्यापैकी पुष्कळ जणींच्या आज्यांना ते होते.

प्रजननक्षम वयातील शंभर स्त्रियांपैकी पाच ते दहा जणींना हर्सुटिझम असतो आणि त्यांच्यातील दहापैकी सात-आठ जणींच्या बाबतीत त्याचे कारण पीसीओएस, म्हणजे पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम हा बीजांडकोशांशी संबंधित विकार असतो, ज्याला आपण सवयीने पीसीओडी म्हणतो. १९३५ साली शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेन्थल या दोन डॉक्टरांनी सात स्त्रियांची माहिती प्रसिद्ध केली, तेव्हापासून हा विकार वैद्यकशास्त्राला नीट ओळखीचा आहे. त्याचा इन्शुलिनशी असलेला संबंध मात्र आपल्या घरांपर्यंत अजून पोहोचलेला नाही, म्हणून तो येथे थोडा विस्ताराने सांगते. काही स्त्रियांच्या शरीरात इन्शुलिन पुरेसे असूनही पेशी त्याला नीट प्रतिसाद देत नाहीत. मग स्वादुपिंड अधिक इन्शुलिन तयार करते आणि हे वाढलेले इन्शुलिन बीजांडकोशाला जास्त अँड्रोजन बनवायला लावते. त्याच वेळी ते यकृतात तयार होणारे एक प्रथिन कमी करते, जे प्रथिन एरवी टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवत असते. म्हणजे संप्रेरकही वाढले आणि त्याला धरून ठेवणारा हातही सैल झाला. पाळी लांबते, बीज वेळेवर पक्व होत नाही, चेहऱ्यावर मुरुमे येतात, डोक्यावरचे केस विरळ होतात आणि हनुवटीवरचे वाढतात. मानेवर आणि काखेत मखमलीसारखा काळसर थर दिसतो, ज्याला आई मळ समजून दगडाने घासते. तो पुष्कळदा वाढलेल्या इन्शुलिनचाच पुरावा असतो. घासून तो जात नाही आणि त्यात मुलीच्या स्वच्छतेचा काही दोष नसतो.

मी स्वतः हे सर्व फार उशिरा शिकले. कॉलेजात असताना माझी पाळी दोन-दोन, तीन-तीन महिने येत नसे आणि घरी सर्वांना ती एक सोयच वाटे. सणावाराला अडचण येत नसे. पार्लरमधील ताईने माझी हनुवटी दहा वर्षे दोऱ्याने साफ केली. तिने प्रेमाने केले, पण पाळीविषयी विचारणे तिचे कामच नव्हते. ज्या एका डॉक्टरांकडे मी मुरुमांसाठी गेले होते त्यांनीही ते विचारले नाही. लग्नानंतर चार वर्षे मूल झाले नाही तेव्हा तपासण्या सुरू झाल्या आणि पीसीओएस हा शब्द मी प्रथम ऐकला. मूल झाले, विषय संपला असे सगळ्यांना वाटले आणि मलाही वाटले. त्रेचाळिसाव्या वर्षी मला मधुमेह असल्याचे कळले. पीसीओएस असलेल्या स्त्रीने निदानाच्या वेळी आणि त्यानंतर दर एक ते तीन वर्षांनी साखरेची तपासणी करून घ्यावी, असे आज आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. माझ्या हनुवटीने सोळाव्या वर्षी जी सूचना दिली होती ती वाचायला आम्हा सर्वांना सत्तावीस वर्षे लागली.

म्हणूनच ‘मुलगी जाड आहे, वजन कमी केले की केस जातील’ हे वाक्य मला अपुरे वाटते. वजन जास्त असेल तर ते पाच ते दहा टक्क्यांनी कमी केल्यानेही पाळी सुधारते आणि इन्शुलिन आटोक्यात येते, यात शंका नाही. परंतु येथेच परळमध्ये असलेल्या राष्ट्रीय प्रजनन व बालआरोग्य संशोधन संस्थेने मुंबईतील पंधरा ते चोवीस वयाच्या मुलींचा अभ्यास करून २०१४ साली जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांत निदानाच्या रॉटरडॅम निकषांनुसार (ते पुढे सांगितले आहेत) २२.५ टक्के मुलींमध्ये पीसीओएस आढळला. अधिक कडक निकष लावले तेव्हाही हे प्रमाण १०.७ टक्के होते, आणि पीसीओएस असलेल्या मुलींपैकी सुमारे ७२ टक्के मुली स्थूल नव्हत्या. सडपातळ मुलीची आई ‘हिला कसला पीसीओडी’ म्हणते तेव्हा हा आकडा तिला सांगावासा वाटतो.

सोनोग्राफीबद्दलही दोन शब्द लिहिणे आवश्यक वाटते. आपल्या शहरात पाळी चुकली की मुलीला थेट सोनोग्राफीला पाठवतात आणि ‘बीजांडकोशात गाठी आहेत’ असे ऐकून घरात रडारड होते. त्या गाठी नसतात. पूर्ण वाढ न झालेल्या बीजपुटिका, म्हणजे बीज ज्यांत वाढते त्या सूक्ष्म पिशव्या, एकाच वेळी पुष्कळ दिसतात, एवढाच त्याचा अर्थ असतो, आणि त्यासाठी शस्त्रक्रियेची धास्ती घेण्याचे कारण नाही. २००३ च्या रॉटरडॅम निकषांप्रमाणे अनियमित पाळी, अँड्रोजनची वाढ आणि सोनोग्राफीतील चित्र या तिन्हींपैकी दोन गोष्टी असल्यास प्रौढ स्त्रीत निदान करता येते. म्हणजे पाळी अनियमित आहे आणि हर्सुटिझम स्पष्ट आहे, तर इतर कारणे वगळल्यानंतर सोनोग्राफीशिवायही निदान होते. किशोरवयीन मुलींमध्ये असे चित्र एरवीही दिसू शकत असल्यामुळे निदानासाठी सोनोग्राफी करू नये, असे २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटले आहे. त्यापेक्षा पाळीच्या तारखांची वही अधिक उपयोगी पडते.

इतर कारणे कमी आढळतात, पण ती चुकवून चालत नाहीत. अ‍ॅड्रिनल ग्रंथीतील एका विकराच्या जन्मजात कमतरतेचा सौम्य प्रकार अगदी पीसीओएससारखा दिसतो, आणि तो ओळखण्यासाठी पाळीच्या सुरुवातीच्या दिवसांत सकाळी लवकर सतरा-हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन ही रक्ततपासणी करतात. कॉर्टिसॉल वाढून होणाऱ्या कुशिंग्ज सिंड्रोममध्ये चेहरा गोल होतो आणि पोटावर जांभळे रुंद पट्टे येतात. थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन (अंगावर दूध आणणारे संप्रेरक) पाहतात ते पाळी बिघडण्याची ही दोन सामान्य कारणे वगळण्यासाठी. फिट्ससाठी दिले जाणारे व्हॅलप्रोएट हे औषध पीसीओएससारखी स्थिती निर्माण करू शकते आणि व्यायामशाळांतून मिळणारी शरीरसौष्ठवाची स्टेरॉइडे तर थेट अँड्रोजनच असतात. काही स्त्रियांमध्ये पाळी नियमित असते, सर्व तपासण्याही ठीक येतात आणि तरीही केस वाढतात, कारण दोष मुळांच्या संवेदनशीलतेत असतो. त्यांच्यावरही उपचार होतात. मात्र केस काही महिन्यांतच झपाट्याने वाढले, आवाज घोगरा झाला, पुरुषासारखे टक्कल पडू लागले किंवा रजोनिवृत्तीनंतर एकाएकी दाढी येऊ लागली, तर बीजांडकोशात किंवा अ‍ॅड्रिनल ग्रंथीत अँड्रोजन तयार करणारी गाठ असण्याची शक्यता असते. अशा वेळी पार्लरमध्ये घालवलेला प्रत्येक महिना महागात पडतो.

एक कारण आपल्या गल्लीतल्या मेडिकलमध्येच विकले जाते आणि त्याविषयी मला मनापासून चीड येते. माझ्या वर्गातील एका मुलीच्या गालांवर दाट लव आली होती, कातडी लाल आणि पातळ झाली होती, उन्हात उभे राहिले की तिची आग होत असे. तिची आई तिला घेऊन मला भेटायला आली तेव्हा पिशवीतून एक लहानशी ट्यूब निघाली. रंग उजळावा म्हणून नात्यातल्या एका काकूंच्या सांगण्यावरून ती दोन वर्षे लावली जात होती. त्यात स्टेरॉइड होते. अशी मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम असूनही ती सहज मिळतात, पहिल्या महिन्यात चेहरा खरोखर उजळ दिसतो, आणि नंतर बंद केली की आग आणि मुरुमे उसळतात म्हणून पुन्हा लावली जातात. त्वचारोगतज्ज्ञांनी ती टप्प्याटप्प्याने थांबवल्यावर मुलीची कातडी सावरायला कित्येक महिने लागले. स्थळे येताना मुलगी गोरी दिसावी या हट्टापायी तिच्या गालांवर केस आणण्यापर्यंत आपण पोहोचलो आहोत, हे लिहितानाही हात जड होतो.

आता उपचारांविषयी. पीसीओएसमुळे आलेल्या केसांवर, मूल नको असेल तर, पहिला उपाय म्हणून डॉक्टर बहुधा संयुक्त संप्रेरकांच्या गोळ्या देतात, ज्यांना आपण गर्भनिरोधक गोळ्या म्हणतो. त्या बीजांडकोशातील अँड्रोजनची निर्मिती कमी करतात आणि यकृतातील ते बांधून ठेवणारे प्रथिन वाढवतात. शिवाय पाळी नियमित येते, आणि ती महिनोन्‌महिने न आल्यास गर्भाशयाच्या अस्तराला जो कर्करोगाचा धोका असतो तो कमी होतो. परंतु या गोळ्यांचे पाकीट मध्यमवर्गीय मराठी घरात किती मोठे वादळ उठवते ते मी पाहिले आहे. माझ्या लेकीला सतराव्या वर्षी या गोळ्या लिहून दिल्या तेव्हा सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत, आणि माझ्या पतींनी पाकीट कपाटात आत ठेवायला सांगितले, कामाला येणाऱ्या मावशींना दिसू नये म्हणून. अविवाहित मुलीने ही गोळी घेणे म्हणजे तिच्या चारित्र्यावर डाग, या एका समजुतीपायी कितीतरी आया उपचार अर्ध्यावर सोडतात. पुढे मूल होणार नाही ही दुसरी भीती. तीही खरी नाही, गोळ्या थांबवल्यावर त्यांचा परिणाम ओसरतो. तरीही या गोळ्या मैत्रिणीच्या सांगण्यावरून घेऊ नयेत. रक्ताची गुठळी होण्याचा इतिहास, उच्च रक्तदाब, डोळ्यांपुढे झगमग होऊन येणारी अर्धशिशी, पस्तिशीनंतर धूम्रपान, स्तनांचा कर्करोग, यांपैकी काही असल्यास त्या धोक्याच्या ठरतात, म्हणून डॉक्टरांना सर्व सांगितल्याशिवाय त्या सुरू करू नयेत.

सहा महिन्यांत पुरेसा फरक पडला नाही तर स्पायरोनोलॅक्टोनसारखे औषध जोडले जाते. मूळचे हे रक्तदाबाचे आणि लघवी वाढवणारे औषध. केसांच्या मुळाशी ते अँड्रोजनची वाट अडवते. ते घेताना गर्भधारणा होऊ न देणे अत्यावश्यक असते, कारण पोटातील मुलग्याच्या जननेंद्रियांच्या वाढीवर त्याचा परिणाम होऊ शकतो. मेटफॉर्मिनने साखर आणि पाळी यांना मदत होते, पण केवळ केसांसाठी त्याचा विशेष उपयोग होत नाही. पुष्कळ मुलींना हे सांगितले जात नाही आणि मग त्या निराश होतात. सहा महिने हा काळ कोणाला फार वाटेल. परंतु प्रत्येक केसाचे वाढीचे, थांबण्याचे आणि गळण्याचे चक्र ठरलेले असते आणि एकदा राठ झालेला केस गोळीने उपटून निघत नाही. नवा केस बारीक येऊ लागतो तेव्हाच फरक दिसतो. महिनाभरात केस बंद, असे जो सांगतो तो केसाला ओळखत नाही, असे मी वर्गात सांगते.

औषधाबरोबर केस काढण्याचे उपायही चालूच ठेवायचे असतात आणि त्यांत लाज वाटण्यासारखे काही नाही. ब्लेडने केस दाट होतात ही आपल्याकडची सर्वात घट्ट समजूत. १९२८ साली मिल्ड्रेड ट्रॉटर या शरीररचनाशास्त्रज्ञ बाईंनी दाढीचे केस मोजून दाखवले होते की वस्तऱ्याने केसाची जाडीही वाढत नाही आणि वेगही वाढत नाही. कापलेले टोक बोथट असते म्हणून हाताला राठ लागते, इतकेच. उलट हनुवटीवरचे केस चिमट्याने सतत उपटल्याने आपल्या सावळ्या कातडीवर काळे डाग पडतात आणि केस आतल्या आत वळून पुळ्या येतात. माझ्या जबड्याखाली ते डाग आजही आहेत.

लेझरबद्दल मात्र सावधपणे लिहावे लागते. लोकलच्या बायकांच्या डब्यात चिकटवलेल्या कागदांपासून मोठ्या फलकांपर्यंत ‘कायमची सुटका’ हे दोन शब्द सर्वत्र दिसतात. लेझर केसातील काळ्या रंगद्रव्याला तापवून मूळ दुर्बल करते. त्यामुळे काळ्या, जाड केसांवर ते चांगले चालते आणि पांढऱ्या केसांवर चालत नाही. मिळते ती दीर्घकाळ टिकणारी घट. केस पूर्ण आणि कायमचे जातील याची हमी नसते. सहा-आठ बैठका, मधे काही आठवड्यांचे अंतर आणि पुढे अधूनमधून पुन्हा बैठक, असा तो प्रवास असतो. अँड्रोजन चढेच राहिले तर नवे केस येतच राहतात. सावळ्या कातडीसाठी कातडीत खोलवर जाणारे, १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचे एनडी-याग लेझर अधिक सुरक्षित समजले जाते, आणि यंत्र कोणते व त्याची मात्रा किती हे ठरवायला त्वचारोगाचे शिक्षण लागते. दक्षिण आशियाई आणि भूमध्य सागराकडील स्त्रियांमध्ये चेहऱ्यावरील लेझरनंतर कधीकधी आसपासची लव उलट वाढल्याचेही आढळले आहे, हे आधी सांगितले गेले पाहिजे. माझ्याकडून एका उपनगरातील केंद्राने सर्व बैठकांचे पैसे आगाऊ घेतले. पाळीविषयी, औषधांविषयी एकही प्रश्न विचारला नाही, आणि दुसऱ्याच बैठकीत गालावर भाजल्याचे डाग उठले. तेथे डॉक्टर कधी दिसले नाहीत. विजेच्या सुईने एकेक मूळ नष्ट करण्याचा इलेक्ट्रॉलिसिस हा उपाय मात्र १८७५ पासून आहे, डोळ्यांचे डॉक्टर चार्ल्स मिशेल यांनी पापण्यांच्या आत वळणाऱ्या केसांसाठी तो प्रथम वापरला. तो वेळखाऊ आणि दुखरा असला तरी पांढऱ्या केसांवरही चालतो आणि थोडे केस असतील तर विचार करण्यासारखा आहे.

करोनानंतर शाळा पूर्ववत सुरू झाल्या तेव्हा माझ्या वर्गातील दोन मुलींनी मास्क काढलाच नाही. साथ ओसरली, सक्ती उठली, बाकीच्या सर्वांनी मास्क फेकून दिले, आणि या दोघी डबासुद्धा भिंतीकडे तोंड करून खात. मला कारण विचारावे लागले नाही. २०२४ साली उत्तर प्रदेशात दहावीच्या परीक्षेत पहिल्या आलेल्या मुलीचे छायाचित्र प्रसिद्ध झाले तेव्हा तिच्या गुणांपेक्षा तिच्या ओठावरील केसांवरच देशभर टवाळी झाली, आणि आमच्या शिक्षककक्षातही काहींनी ती हसत वाचली. हर्सुटिझम असलेल्या स्त्रियांत नैराश्य आणि चिंता अधिक आढळते, म्हणून पीसीओएसच्या तपासणीत मनाची विचारपूसही करावी असे मार्गदर्शक सूचनांत आहे. ओपीडीच्या गर्दीत ती सहसा राहून जाते. ज्या स्त्रीला केस काढायचे नाहीत तिनेही ते न काढता जगावे, ब्रिटनमधील हरनाम कौर यांनी पीसीओएसमुळे आलेली दाढी उघडपणे राखली. परंतु केस ठेवले किंवा काढले, तरी साखर, रक्तदाब आणि पाळी यांची तपासणी दोघींनाही तितकीच लागते.

माझ्या लेकीची तपासणी महापालिकेच्या एका रुग्णालयात झाली. तीन वेगवेगळे केसपेपर, तीन वेगळे दिवस, प्रत्येक वेळी माझी रजा आणि तिचे कॉलेज बुडाले. तरी तेथील तरुण डॉक्टरबाईंनी पडदा ओढून तिला शांतपणे विचारले, पाळीची वही पाहिली, मानेकडे पाहिले आणि केस येण्यामागचे कारण कागदावर चित्र काढून समजावले. ते तिने जपून ठेवले आहे. ज्या बाईला रोजंदारी बुडवून तीन खेपा घालाव्या लागतील ती दुसऱ्या खेपेलाच येणार नाही. परळच्या वर उल्लेखिलेल्या संशोधन संस्थेत पीसीओएससाठी निरनिराळ्या तज्ज्ञांची एकत्रित तपासणी होते. तशीच आठवड्यातून एक दिवस केईएम, शीव, नायर आणि कूपर या महापालिकेच्या रुग्णालयांत स्त्रीरोग, त्वचारोग व अंतःस्रावी विभागांनी एकत्र बसून करावी, आणि महापालिकेच्या शालेय आरोग्य तपासणीत आठवी ते दहावीच्या मुलींना पाळीचे अंतर एका साध्या प्रश्नाने विचारले जावे, अशी माझी महापालिकेच्या आरोग्य विभागाला विनंती आहे.

आपल्या दैनिकाकडेही दोन मागण्या आहेत. त्या लेपाच्या मजकुराला पूरक म्हणून एखाद्या स्त्रीरोगतज्ज्ञांचा किंवा त्वचारोगतज्ज्ञांचा लेख त्याच पुरवणीत, तितक्याच जागेत छापावा. आणि ‘कायमची सुटका’ असा दावा करणारी जाहिरात घेताना उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे नाव व नोंदणी क्रमांक जाहिरातीत असल्याशिवाय ती स्वीकारू नये.

हे वाचून जी कोणी डॉक्टरांकडे जायचे ठरवील तिने मागील वर्षभरातील पाळीच्या तारखा लिहून न्याव्यात, घेत असलेली सर्व औषधे आणि चेहऱ्याला लावत असलेली सर्व मलमे पिशवीत घालून न्यावीत, आणि शक्य असल्यास तपासणीपूर्वी काही आठवडे केस काढू नयेत, म्हणजे ते कोठे आणि किती आहेत हे डॉक्टरांना नीट दिसते. ते आठवडे कठीण जातात, हे मला ठाऊक आहे. माझी लेक त्या काळात ओढणी तोंडावर घेऊन कॉलेजला जात होती आणि मी तिच्याबरोबर परळ स्थानकापर्यंत चालत जात होते.

पत्रात माझ्या मुलीचा आणि विद्यार्थिनींचा उल्लेख असल्यामुळे माझे नाव छापू नये, ही विनंती.

आपली नम्र,
एक शिक्षिका
परळ, मुंबई